दोन बिल्ल्यांची गाय

माझ्या दूध केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, हा फैयाज दिवसभर लोकांच्या दुधात पाणी शोधत बसतो. पाणी शोधावं लागत नाही, ते मशीन सांगतं. शोधावी लागते ती माणसांच्या डोक्यातली गाठ, आणि ती मोजणारं मशीन अजून कुठल्या कंपनीने काढलेलं नाही. काढलंच तर पहिलं मी घेईन आणि पहिला नमुना मोझेसचा लावीन.

मोझेस आमच्या गावच्या चर्चमागचा शेतकरी. पुणतांब्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमचं गाव. मोझेसचा तिथे थोडा ऊस, थोडा चाऱ्याचा घास आणि पत्र्याचा गोठा. उंच, हडकुळा आणि कायद्याचं बोलणारा माणूस. कायदा त्याला ठाऊक नसतो, बोलतो मात्र कायद्याचंच. त्याची बायको रूथ दिवसभर काम करते आणि दिवसभर बोलते. धार काढताना तेवढी बोलत नाही, कारण तेव्हा ती उपासनेतली गाणी म्हणते.

त्यांच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे राहीबाई राहते. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा ओम नागापूरला एमआयडीसीत कामाला आहे, बिऱ्हाडही तिकडेच. घरात ती एकटी आणि तिची जीभ. त्या जिभेला घाबरून पोस्टमनसुद्धा तिची पत्रं माझ्याकडे ठेवून जातो.

राहीबाईने लोणी गावच्या जनावरांच्या बाजारातून एक कालवड आणली, तेव्हा तिचे गुडघे नुकतेच गेले होते. जनावर घ्यायला पैसा होता, पण खाली बसून धार काढायला गुडघे नव्हते. मोझेसकडे गोठा होता, घास होता, रूथचे हात होते, पण नवी गाय घ्यायची ऐपत नव्हती. मग आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला व्यवहार झाला, अर्धलीचा. एकाने जनावर घ्यायचं, दुसऱ्याने पाळायचं, आणि जनावर निम्मं निम्मं. कागद नाही, सही नाही, शब्द पुरतो.

अर्धली मोडायचीही रीत ठरलेली आहे. जो मोडतो त्याने चारचौघांत गायीची किंमत बोलायची. दुसऱ्याने एकच शब्द म्हणायचा, ‘घेतली’ किंवा ‘सोडली’. घेतली म्हणाला, तर बोललेल्या किमतीच्या निम्मे पैसे देऊन गाय त्याने ठेवायची. सोडली म्हणाला, तर मोडणाऱ्याने निम्मे देऊन गाय आपल्या दावणीला न्यायची. त्यामुळे किंमत बोलणारा फार वर जात नाही आणि फार खालीही येत नाही. आपल्याच बोलण्यात आपण सापडू, हे त्याला कळत असतं. मोठमोठ्या वकिलांना सुचलं नसतं असं हे कलम कुणा अडाणी म्हाताऱ्याने करून ठेवलंय.

अर्थात ही अर्धली मोडायचं कुणाच्या मनातही नव्हतं. कालवडीची गाय झाली, व्याली, पुन्हा व्याली. राहीबाई तिला गोदा म्हणायची, रूथ रोझी म्हणायची, आणि गाय दोन्ही हाकांना कान हलवायची. दुधाची वाटणी सरळ होती. सकाळचं दूध राहीबाईच्या खात्यावर, संध्याकाळचं मोझेसच्या. पण दोन्ही वेळेला राहीबाई काठी टेकत गोठ्यात हजर. ती गायीच्या गळ्याखाली खाजवत उभी राहायची, रूथ धार काढायची आणि अधूनमधून गाणं थांबवून दोघी गावातल्या एकेकाची उणीदुणी काढायच्या. माझीही काढत असणार, कारण मला बघून दोघी एकदम गप्प व्हायच्या.

मग ते वर्ष आलं. दुधाचा भाव असा कोसळला की लोक माझ्याकडे दूध घालायला यायचे आणि जाताना मला शिव्या घालून जायचे. जणू भाव मीच पाडला होता. पेंडीचं पोतं वर वर चाललं होतं आणि दूध खाली खाली. पुणतांबेकरांनी एकदा संप करून दाखवला होता. आमच्या गावाने ग्रामसभेत घोषणा दिल्या, भजी खाल्ली आणि घरी गेलं. तरी चहूकडून ओरड झाली, ती मुंबईपर्यंत पोचली, आणि सरकारने जाहीर केलं की गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान, थेट शेतकऱ्याच्या खात्यात.

‘थेट’ हा शब्द ऐकला की मला धडकी भरते. थेट म्हणजे आधार, आधारला जोडलेलं खातं, खात्याला जोडलेला मोबाईल, आणि आता या सगळ्याला बांधलेली गाय. गायीच्या कानात पिवळा बिल्ला हवा, बिल्ल्यावरचा आकडा अ‍ॅपमध्ये हवा आणि त्या आकड्यापुढे मालकाचं नाव हवं. माझी बायको अर्शी संगणकापुढे बसली आणि मी केंद्राच्या दारात उभा राहून ओरडलो, “ज्याचं दूध, त्याचा बिल्ला! बिल्ला न्हाई त्याला अनुदान न्हाई! नंतर माझ्या नावानं रडायचं न्हाई!”

हे वाक्य मी ओरडलो नसतो तर पुढचं काही घडलं नसतं, असं अर्शी अजून म्हणते. मी तसं मानत नाही.

बिल्ले मारायला छगन आला. छगनला बिल्ल्यामागे पैसे मिळत होते, त्यामुळे गावात कान दिसला की त्याचा हात शिवशिवायचा. सकाळी तो मोझेसच्या गोठ्यात पोचला तेव्हा मोझेस साखर कारखान्यावर गेला होता. राहीबाई नेहमीप्रमाणे गायीपाशी उभी होती.

“माझ्या नावानं मार,” ती म्हणाली. “सकाळचं दूध माझं हाय.”

रूथने गायीचं तोंड धरलं, छगनने डाव्या कानात बिल्ला मारला, मोबाईलमध्ये आकडा टाकला आणि पुढे गेला. संध्याकाळी मोझेस परत आला. त्याने गायीच्या डाव्या कानाकडे पाहिलं, मग उजव्या कानाकडे पाहिलं, आणि तडक चहाच्या टपरीवर जाऊन छगनला हाताला धरून आणलं.

“ही तर सकाळचीच गाय,” छगन म्हणाला.

“गाय सकाळचीच हाय,” मोझेस म्हणाला. “कान दुसरा हाय.”

छगनने डोकं खाजवलं.

“फैयाजभाई काय वरडत हुता? ज्याचं दूध, त्याचा बिल्ला. सांजंचं दूध कोनाचं? माझं. मग माझा बिल्ला कुठाय? मी काय तिच्या कानाला हात लावतोय का? तिचा कान तिला, माझा कान मला. कायद्यानं बोल.”

छगनकडे कायदा नव्हता, पकड होती. त्याने उजव्या कानात बिल्ला मारला आणि आकडा टाकला. अ‍ॅपने काही हरकत घेतली नाही. अ‍ॅपला गाय दिसत नाही, आकडे दिसतात, आणि आकडे दोन होते.

यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, हे मुद्दाम सांगतो. रूथला गाय डूल घातल्यासारखी दिसली. राहीबाई म्हणाली, एकाच कानात बरं दिसत नव्हतं. आणि मलाही हिशेब पटला. निम्मी गाय हिची, निम्मी त्याची, मग एकेक कान असायला हरकत काय? दूध होतं तेवढंच होतं. सरकारचा एक पैसा जादा जाणार नव्हता. अनुदानाचा पहिला हप्ता दोघांच्या खात्यावर आला आणि मोझेसने मला चहासुद्धा पाजला. त्याचा चहा मिळणं म्हणजे काहीतरी विपरीत घडणार, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घडलंच. तालुक्याला नवे आलेले जनावरांचे डॉक्टर होते, रविराज साहेब. त्यांचा फोन आला.

“फैयाजभाई, तुमच्या केंद्रावर दोन गायी फार चमत्कारिक दिसतायत. एक गाय फक्त सकाळी दूध देते. दुसरी फक्त संध्याकाळी. एकही दिवस चुकत नाहीत. संगणकानेच खूण करून पाठवलंय. काही आजार आहे का?”

“आजार कसला, साहेब,” मी म्हणालो. “वक्तशीर हायेत.”

पण साहेब खोदत गेले आणि शेवटी मला सांगावं लागलं. मग ते म्हणाले, की एका जनावराला दोन बिल्ले म्हणजे कागदावर एक बोगस जनावर, आणि एक बोगस सापडलं की केंद्राची सगळी यादी थांबते. ते स्वतः येऊन बघतील. तोवर गायीचा मालक कोण ते ठरवून एक बिल्ला काढायचा. अ‍ॅपमध्ये अर्धी गाय बसत नाही.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं. सगळ्या गावाचं अनुदान त्या एका गायीच्या दोन कानांत अडकलं. संध्याकाळपर्यंत बातमी घरोघरी पोचली आणि जो तो मोझेसला नाहीतर राहीबाईला शहाणपण शिकवायला धावला. मीही गेलो. मी म्हणालो, त्यात काय एवढं? बिल्ला कुणाच्याही एकाच्या नावावर ठेवा, अनुदान आलं की घरच्या घरी वाटून घ्या, अर्धली आहे तशी चालू द्या.

मोझेस उसळला. “आन कागदावर गाय त्या बाईची झाली की? उद्या तिचा ओम नागापूरवरनं टेम्पो घेऊन आला आन घेऊन गेला गाय, तर मी काय दाखवू? मोकळं दावं?”

हे बोलणं त्याने गोठ्यात केलं, पण मोझेसचा आवाज रस्ता ओलांडून जातो. राहीबाई ओट्यावर उभी राहिली. “माझा ओम चोर हाय व्हय रं? मग तूच घे कागदावर! आन मी रोज तुझ्या दारात निम्म्या दुधाची भीक मागाया येते! लई शोभंल!”

“मी कुठं आसं म्हनालो?”

“कालवड आणली तवा न्हाई विचारलंस कागद कुठाय म्हनून!”

रूथ मध्ये पडायला गेली तर दोघांनी मिळून तिलाच गप्प केलं. भांडणात तेवढं एकमत झालं.

दुसऱ्या दिवसापासून राहीबाई गोठ्यात जाईना. सकाळचं दूध रूथ केंद्रावर आणून राहीबाईच्या खात्यावर घालायची आणि माझ्याशी न बोलता निघून जायची. रूथ आणि न बोलता! मला आधी वाटलं, घसा बसलाय. मोझेस मला म्हणायचा, “त्या बाईला सांगा, बिल्ला काढून टाक.” राहीबाई म्हणायची, “त्या कायदेपंडिताला सांगा, आधी तू काढ.” दोघांची घरं समोरासमोर आणि निरोप्या मी, दोघांपासून लांब. आणि गाय तर दिवसेंदिवस आटत चालली होती. रूथ अर्शीला एवढंच म्हणाली, पान्हाच नीट सोडत नाही, मान वळवून वळवून रस्त्याकडे बघते.

राहीबाई मात्र माझ्या केंद्रावर येऊन बसायला लागली. काम नसताना. बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या किटल्या बघायची, अर्शीला सुनेशी कसं वागावं ते सांगायची. आम्हाला सून नाही. उन्हं उतरली की चुळबुळ सुरू व्हायची. धारेची वेळ झालेली असायची ना. एकदा मी सहज म्हणालो, “मावशी, घरी न्हाई जायचं?” तर म्हणाली, “घरी काय हाय?”

तेव्हा मला कळलं आणि वाईट वाटलं. बाईला गायीचं काही पडलं नव्हतं, पाच रुपयांचं तर त्याहून नाही. तिला दोन वेळा त्या गोठ्यात जायला हक्काचं कारण हवं होतं. गाय निम्मी तिची होती म्हणून ती जात होती. बिनकारण कुणाच्या उंबऱ्याला पाय लावणाऱ्यातली ती नव्हती. गाय मोझेसची झाली की कारण संपलं, आणि गाय तिची होऊन तिच्या दावणीला आली तरी कारण संपलंच. मोझेसला काही अनुभव असता तर त्याला हे कळलं असतं, पण मोझेसला फक्त कायदा होता.

रविराज साहेब आले ते असरच्या, म्हणजे उन्हं उतरतानाच्या नमाजनंतर. तरणा माणूस, हातात टॅब, पायात चिखलाला नवे बूट. मागे सगळं गाव. गोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोक घासाच्या वाफ्यात उभे राहिले आणि मोझेस त्यांच्यावर खेकसत राहिला.

“दोन गायी दाखवा,” साहेब म्हणाले.

“ही,” मोझेस म्हणाला.

“दुसरी?”

“हीच.”

“ही तर पहिली झाली.”

“डाव्या अंगानं बघितली तर पहिली. उजव्या अंगानं या.”

साहेब खरोखर उजव्या अंगाने गेले. बिल्ला पाहिला, टॅबमध्ये पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. हसले म्हणून मला धीर आला. ते म्हणाले, “हे बघा, माझ्या घरीही शेती आहे, मला अर्धली कळते. तुमच्या मनात काही काळंबेरं नाही हेही दिसतंय, मी तसं लिहीन. पण मालक एकच. आज मी जायच्या आत एक नाव सांगा, एक बिल्ला कापतो, आणि सगळ्या गावाची यादी मोकळी करतो.”

सगळ्यांनी मोझेसकडे पाहिलं. मोझेसने राहीबाईकडे पाहिलं. ती गोठ्याच्या दाराशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. आत आली नव्हती.

“आता मोडाच अर्धली,” छगन म्हणाला. सगळ्या घोटाळ्यात याचेच पैसे झालेले, आणि हा सगळ्यात पुढे. “कोन मोडतंय? किंमत बोला.”

“मी कशाला मोडू?” मोझेस म्हणाला. “मला मोडायची न्हाई.”

“मलाबी न्हाई,” राहीबाई म्हणाली.

आणि दोघं गप्प झाले. जो किंमत बोलेल त्याने मोडली असं होणार, आणि तो डाग कुणालाच नको होता. साहेबांना वाटलं, विचार करतायत. त्यांनी थोडा वेळ दिला. मग घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. गावातली माणसं आधी कुजबुजत होती, मग चिडली. कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. कुणी म्हणालं, दोन्ही बिल्ले कापा आणि गाय ग्रामपंचायतीला द्या. एरवी ज्यांच्या तोंडाला लगाम नाही अशी दोन माणसं तोंड शिवल्यासारखी उभी होती आणि सूर्य उसाच्या मागे चालला होता.

शेवटी गायच बोलली. धारेची वेळ टळून गेली होती, कास तटतटलेली. ती हंबरली, पुन्हा हंबरली. रूथने कुणाला न विचारता बादली उचलली आणि खाली बसली. आज गाणं नव्हतं. तिने सडांना हात लावला, पण दूध येईना. गायीने पाय झाडला, बादली कलंडली. रूथने ती सरळ केली, पुन्हा बसली, आणि मी पाहिलं, तिचे डोळे भरले होते. सगळं गाव बघत होतं, म्हणून ती मान खाली घालून बसली होती.

राहीबाईने काठी दाराला टेकवली. पाय ओढत आत आली, गायीच्या गळ्याखाली हात घातला आणि खाजवायला लागली. “गोदे,” ती म्हणाली, “नाटकं करू नगंस.” गायीने मान लांब केली, डोळे अर्धे मिटले, आणि बादलीत धार वाजली. साहेबांनी टॅब खाली केला.

बादली भरत आली तेव्हा राहीबाई गायीकडेच बघत म्हणाली, “मोडली.”

मोझेस एक पाऊल पुढे आला.

“मीच मोडली. कुनाचं अनुदान अडायला नगं माझ्यापायी. लिहा साहेब. किंमत सव्वा रुपया.”

गोठ्यात गलका झाला. साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण आम्हाला कळलं होतं. बाजारात जिला मोठं गिऱ्हाईक उभं राहिलं असतं अशी दुभती गाय, आणि किंमत सव्वा रुपया. मोझेसने ‘घेतली’ म्हणायचं, त्यातले निम्मे तिच्या हातावर ठेवायचे आणि अख्खी गाय त्याची. म्हातारीने गाय दान करून टाकली होती, आणि तेही अशा तोऱ्यात की कुणी त्याला दान म्हणू नये. मला तिचा राग आला. एवढा मोठेपणा करून उद्यापासून ती कुठे जाणार होती? माझ्या बाकावर?

मोझेस घाईने खिसे चाचपायला लागला. तोंड उघडलं. पण त्याच्या आधी खालून आवाज आला.

“सोडली.”

रूथ बादली घेऊन उठत होती.

“काय?” मोझेस म्हणाला.

“सोडली म्हनलं. मावशीनं मोडली, आमी सोडली. गाय मावशीची.”

“अगं, सव्वा रुपया म्हनतीय ती!” मोझेस जवळजवळ रडकुंडीला आला. “तू कशी सोडतीस? बोलायचा हक माझा हाय! बिल्ला माझ्या नावावर हाय!”

“कालवड मी रूथला दिलीती,” राहीबाई तुटकपणे म्हणाली. “तुला न्हाई.” हे म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच विरुद्ध साक्ष देतोय, पण शब्द निघून गेला होता आणि सगळ्या गावाने ऐकला होता. फिरवता येत नाही, ही रीत तिलाच सगळ्यात जास्त ठाऊक.

साहेबांनी उजव्या कानातला बिल्ला कापला. टॅबमध्ये काहीतरी दाबलं आणि म्हणाले, झालं. गाव हुश्श करून पांगलं. सव्वा रुपयात गाय सोडणारी बाई आजवर कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे जाताना जो तो मोझेसच्या पाठीवर हात ठेवून जात होता, मयताला आल्यासारखा. मोझेस घासाच्या वाफ्यात जाऊन बसला आणि तुडवलेला घास एकेक काडी सरळ करायला लागला. मी थांबलो, कारण मला दूध न्यायचं होतं. असं मी म्हणतो. खरं म्हणजे मला तिथून हलवेना.

गोठ्यात दोघीच राहिल्या होत्या. रीतीप्रमाणे सव्वा रुपयाचे निम्मे देऊन गाय आता पलीकडे न्यायला हवी होती. राहीबाईने दावं सोडलं, हातात धरलं, आणि तशीच उभी राहिली. तिला ना खाली बसता येत होतं, ना गाय हाकता येत होती.

“का सोडलीस गं?” तिने विचारलं. “तुझ्या हातानं वाढवलीस. एवढीशी हुती. फुकट देत हुते मी.”

“घेतली आसती तर उद्या सकाळी तू आली आसतीस का?” रूथ म्हणाली.

राहीबाईने गायीच्या उजव्या कानातल्या बिल्ल्याच्या रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं.

“नसते आले,” ती म्हणाली.

“मग? मला गाय गावली आसती आन गप्पा मारायला कोन? ह्यो?” रूथने वाफ्याकडे हात केला. “ह्यो कायदा सांगतोय दिसभर.”

राहीबाईने पदराने डोळे पुसले आणि लगेच असं दाखवलं की चिलटं फार झालीत. मग घसा खाकरला, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

“गाय माझी हाय. बिल्ला माझा हाय. पाळाया मानूस पायजे. अर्धलीनं घेतीस का?”

“सरकारचे पैसे?”

“निम्मे निम्मे. आन वासरी झाली तर पयली तुझी.”

“आन ओमनं टेम्पो आनला तर?”

“ओमच्या बापाला जमलं नसतं माझी गाय न्यायला, ओम काय नेतोय! पन माझी एक अट हाय. मी हाय तवर मोडायची न्हाई.”

“मोडायची तर आधी बोलावं लागतं,” रूथ म्हणाली. “मी तोंडच उघडनार न्हाई.”

राहीबाईने मान डोलावली. आमच्या गावात रूथच्या गप्प बसण्यावर कुणी पैजेला सव्वा रुपयासुद्धा लावणार नाही. राहीबाईने गाय लावली.